रिकाम्या हातांनी पाहायचं बेट

मैत्रिणींनो, सहलीला गेल्यावर समुद्रकिनारी सामान सांभाळत कोण बसतं, हे तुम्हाला सांगायला का हवं? सगळी मंडळी पाण्यात, आणि आपण वाळूवर चादर पसरून बसलेल्या! भोवती चपलांचे जोड, घड्याळं, चष्मे, पैशांचं पाकीट, मुलांचे कोरडे कपडे आणि अर्धवट खाल्लेली चकलीची पुडी. पाण्यातून कुणी हात हलवला की आपणही हलवायचा. 'ये ना गं' असं एकदा म्हणतात. दुसऱ्यांदा कुणी म्हणत नाही. अलिबाग, गणपतीपुळे, दापोली, तारकर्ली... लग्नानंतरच्या बारा वर्षांत मी इतके किनारे पाहिले, पण पाणी कधी घोट्याच्या वर चढू दिलं नाही.

खरं सांगायचं तर सामान हे निमित्त होतं. मला पाण्याची भीती वाटते. माझ्या माहेरी मळ्यात मोठी विहीर होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझे भाऊ आणि चुलतभाऊ पाठीला वाळका भोपळा बांधून धपाधप उड्या मारायचे आणि आठ-पंधरा दिवसांत पोहायला शिकायचे. आम्ही मुली पायऱ्यांवर बसून त्यांचे कपडे सांभाळायचो. मी एकदा हट्ट धरला, तर "मुलीच्या जातीला काय करायचंय पोहून?" असं उत्तर मिळालं. मग एका दुपारी कुणी नाहीसं पाहून मी एकटीच पायऱ्या उतरले. शेवाळावरून पाय घसरला आणि दोन गटांगळ्या खाल्ल्या. मळ्यातल्या गड्यानं वेणीला धरून वर काढलं. घरी मी कुणाला काही बोलले नाही. पण नाकातोंडात शिरलेलं ते हिरवं पाणी मनातून गेलं नाही ते नाहीच.

अशी मी, गेल्या नाताळच्या सुट्टीत, अंदमानातल्या एका इवल्याशा बेटाच्या काठाशी तोंड पाण्यात घालून अर्धा तास तरंगत होते, हे ऐकून तुमचा विश्वास बसेल का? माझाच अजून नीटसा बसत नाही. त्या बेटाचं नाव जॉली बॉय. त्याच्याविषयीच आज तुम्हाला सांगणार आहे.

आम्ही मुळात निघालो होतो ते सेल्युलर जेल पाहायला. मराठी माणूस अंदमानला जातो तो बहुधा आधी त्यासाठीच. १९११ पासून १९२१ पर्यंत सावरकर ज्या तुरुंगात होते, तो मुलांना दाखवायचा असं ह्यांच्या मनात फार दिवसांपासून होतं. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ सालापासून श्री विजयपुरम झालं आहे. जुनं नाव मात्र जिभेला इतकं सवयीचं की सगळ्या प्रवासात आमच्या तोंडून तेच येत होतं. जेल पाहिलं, मुलं गप्प गप्प झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना जरा मोकळं वाटावं म्हणून समुद्रावर जायचं ठरलं.

इथं एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. निघताना सासूबाईंनी मला एक काम सांगितलं होतं. मंगळासाठी म्हणून त्यांच्या बोटात पोवळ्याची अंगठी आहे. तिचं पोवळं एका कडेनं टवका उडालेलं आहे. "तिकडच्या समुद्रात पोवळी असतात म्हणे. एखादं चांगलंसं बघून आण. इथला सोनार वाट्टेल ती किंमत सांगतो," असं त्या म्हणाल्या. मी 'हो' म्हटलं आणि खरेदीच्या यादीत लिहूनही ठेवलं.

सामानाची झडती

श्री विजयपुरमपासून सुमारे तीस किलोमीटरवर वंडूर आहे. तिथल्या धक्क्यावरून जॉली बॉयला लाँच सुटते. हे बेट महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. १९८३ साली हे उद्यान झालं. पंधरा बेटं आणि भोवतालचा समुद्र मिळून सुमारे २८१ चौरस किलोमीटरचा हा मुलूख. बेटावर वस्ती नाही. सकाळी जायचं, दुपारी परत यायचं. वन खात्याचा परवाना लागतो. वर्षातले काही महिने जॉली बॉय उघडं असतं, तेव्हा शेजारचं रेड स्किन बेट बंद. आणि रेड स्किन उघडं, तेव्हा हे बंद. शेताचा एक तुकडा पडीक ठेवून आपण जमिनीला जसा विसावा देतो, तसाच हा समुद्राच्या तळाला दिलेला विसावा.

"मॅडम, प्लास्टिक काही नेऊ नका हं, ते परत पाठवतात," असं हॉटेलवाल्यानं आदल्या रात्रीच बजावलं होतं. मी मनात म्हटलं, आपण कुठं एवढं प्लास्टिक नेतो? आणि पिशवी उघडली मात्र! बाकरवडीचा पुडा प्लास्टिकचा. चिवडा प्लास्टिकच्या पिशवीत. बिस्किटांची वेष्टनं, मुलांची वेफर्सची पाकिटं, ओल्या टिश्यूंचं पाकीट, आणि ओले कपडे आणायला म्हणून घरून घडी घालून आणलेल्या सहा प्लास्टिकच्या पिशव्या! घरात मी काटकसरी आणि नीटनेटकी म्हणून मिरवते. पण त्या रात्री पलंगावर पसरलेला तो ढीग पाहून माझी मलाच लाज वाटली. चिवडा आणि बाकरवडी स्टीलच्या डब्यात भरली, पोळीचा रोल सुती फडक्यात बांधला, ओल्या कपड्यांसाठी ह्यांचा पंचा घेतला. बाकीचं हॉटेलातच ठेवलं.

तरी सकाळी धक्क्यावर झडती झालीच. पाण्याच्या बाटल्या मोजून नोंदवल्या, त्यांची अनामत घेतली. परत येताना तितक्याच बाटल्या दाखवा आणि पैसे न्या! पर्सच्या चोरकप्प्यातून गोळ्यांची चार चकचकीत वेष्टनं निघाली, तीही काढून ठेवावी लागली. हे जरा कुरकुरले. पण मला ती बाई फार आवडली. आपण मुलांचं दप्तर तपासतो ना, तितक्याच मायेनं आणि तितक्याच संशयानं ती प्रत्येकाची पिशवी तपासत होती.

झडती संपली तेव्हा आम्हा चौघांत मिळून राहिलं काय? एक कापडी पिशवी, एक डबा, दोन बाटल्या. बारा वर्षांत इतकं हलकं सामान घेऊन मी कुठं निघाले नव्हते. हातांना चुकल्यासारखं वाटत होतं. तेव्हा लक्षात आलं नाही, पण माझी निम्मी सबब त्या धक्क्यावरच काढून घेतली गेली होती.

वंडूरच्या रस्त्यावर सिप्पीघाट लागतं. तिथं एकेकाळी शेतं होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात इथली जमीन खचली, त्सुनामीचं पाणी आत शिरलं आणि कितीतरी शेतांत ते कायमचं राहिलं. वंडूरच्या किनाऱ्यावरही वाळलेल्या झाडांचे पांढरे सांगाडे दिसतात. धक्क्याजवळ मगरींपासून सावध राहण्याची पाटी आहे. म्हणजे समुद्राला आपण वाटेल तिथं आणि वाटेल तसं गृहीत धरू नये, हा धडा बेटावर पोचायच्या आधीच मिळतो.

लाँचचा प्रवास तासाभराचा. दोन्ही बाजूंना बेटं आणि त्यांच्या काठांना गर्द कांदळवन. कोकणातल्या खाड्यांना असते तशीच तिवराची झाडं, पण दाट आणि उंच. पाणी आधी गढूळ हिरवं, मग गर्द निळं, आणि शेवटी एकाएकी इतकं नितळ की लाँचची सावली तळावर पडलेली दिसावी! समोर पांढऱ्या वाळूची एक चंद्रकोर आणि मागे हिरवंगार रान. हेच जॉली बॉय.

"हे एवढंच?"

लाँच काठाला लागत नाही. खाली प्रवाळ आहेत, म्हणून ती दूरच उभी राहते आणि काचेच्या तळाच्या छोट्या होड्या तुम्हाला किनाऱ्यावर नेतात. आम्ही त्या काचेवर डोकी टेकवून बसलो. टीव्हीवर पाहिलेली लाल-जांभळी रंगपंचमी आता दिसणार म्हणून मुलं टाळ्या वाजवायच्या बेतात. आणि खाली दिसलं काय? करडा, मोडका कचरा. पाडलेल्या घराच्या राबिटासारखा. मैलभर नव्हे, पण बराच वेळ तेच.

"हे एवढंच?" हे म्हणाले. होडीवाला मुलगा जरा ओशाळला. "आगे है, सर. ये मर गया है," तो म्हणाला.

मैत्रिणींनो, मी शाळेत मुलांना वर्षानुवर्षं 'प्रवाळ हा प्राणी आहे की वनस्पती?' असा एका गुणाचा प्रश्न घालत आले. उत्तर 'प्राणी'. पण त्या एका गुणामागे केवढा संसार आहे, ते मला त्या काचेतून खाली बघताना उमगलं.

प्रवाळाचा एकेक जीव अगदी लहान असतो. कित्येक जातींत तर तांदळाच्या कणीएवढा. तोंड आणि त्याभोवती बारीक मिशांसारखे तंतू, एवढंच त्याचं शरीर. तो स्वतःभोवती चुन्याची वाटी बांधतो. हजारो जीव शेजारी शेजारी बांधतात, जुने मरतात, नवे त्यांच्या माथ्यावर बांधतात, आणि असं करत करत समुद्रात भिंती उभ्या राहतात. पण हा जीव एकटा जगत नाही. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहतं. भाडं कसलं, तर स्वयंपाक! उन्हावर हे शैवाल अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. प्रवाळाचे बहुतेक रंगही या भाडेकरणीचेच. म्हणून तर प्रवाळांना उथळ, स्वच्छ, ऊन पोचेल असं पाणी लागतं.

आता होतं काय, की समुद्राचं पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या तापमानापेक्षा एखाद-दुसऱ्या अंशानं जरी चढलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की या संसारात बिघाड होतो. प्रवाळ त्या शैवालाला अंगाबाहेर टाकतो. स्वयंपाकीणच गेली! रंग जातो, आतला पांढरा चुना दिसू लागतो. तेव्हा प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं आणि तो सावरतो. नाही निवलं, तर मात्र भूकबळी. अंदमानच्या प्रवाळांवर १९९८ मध्ये, मग २०१० मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये ही पाळी आली. २०२४ साली तर जगभरच्या समुद्रांत असंच घडत असल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. जो कचरा आम्ही पाहत होतो, तो अशा उपासमारीचा. अंगात एक अंश ताप चढला तर आपण बाळाच्या कपाळावर पट्ट्या ठेवतो. समुद्राच्या कपाळावर कोण ठेवणार?

म्हणून तुम्ही जाणार असाल तर आधीच सांगते, चित्रातल्या रंगांची अपेक्षा ठेवून जाऊ नका. काही भाग उजाड आहे. पण थोडं पुढे गेल्यावर जे जिवंत उरलंय, किंवा पुन्हा उगवलंय, ते पाहायला धीर मात्र ठेवा.

पाण्यात

किनाऱ्यावर पोचलो. हे आणि थोरला लगेच पाण्यात. धाकटी काठाशी खेकड्यांमागे. आणि मी? सवयीनं सावली शोधली, चादर पसरायला पिशवीत हात घातला, तर चादर कुठली आणलेली! एक डबा आणि दोन बाटल्या यांची राखण किती करणार? चोर तरी कुठून येणार, बेटावर माणूस नाही!

तासाभरानं हे आले, केसांतून पाणी निथळत, आणि म्हणाले, "आता तू जा. धाकटीकडे मी बघतो." मी नेहमीचं "नको बाई" म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "आई नाही जाणार. आई सामानाची असते."

'आई सामानाची असते.' आठ वर्षांच्या पोरीनं हे इतक्या सहज म्हटलं, जसं आकाश निळं असतं म्हणावं. मला विहिरीच्या पायऱ्या आठवल्या. उद्या हीसुद्धा कुणाच्या तरी चपलांपाशी बसेल. मी उठले, ओढणी सोडून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "आज तू सामानाची हो."

ज्याला स्नॉर्केलिंग म्हणतात त्यात बुडी मारायची नसते. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा चष्मा लावायचा, वर निघालेली एक नळी दातांत धरायची आणि पालथं तरंगायचं. श्वास तोंडानं. अंगात तरंगायचं जाकीट असतं आणि धरायला रबराचं कडं. ते कडं ओढत वाटाड्या पुढं पोहतो. माझा वाटाड्या विशीतला एक पोरगा होता. त्यानं चष्म्याच्या काचेवर आधी थुंकायला सांगितलं! वाफ धरत नाही म्हणे. शाळेतल्या बाईंना हे करताना कुणी पाहिलं नाही, एवढं बरं.

पहिल्यांदा तोंड पाण्यात घातलं आणि झालं ते आज लिहितानाही बरं वाटत नाही. नळीत पाणी शिरलं, खारट घोट गेला, आणि क्षणात मी त्या हिरव्या विहिरीत होते. हातपाय झाडले. पाय खाली टेकवायला गेले, काहीतरी काटक्यांसारखं लागलं, आणि पायाखाली 'कट्' झालं. ते पाण्यातही मला कळलं. तोवर पोरानं मला धरून वर केलं होतं. रागावला नाही. फक्त म्हणाला, "दीदी, पैर नीचे नहीं. वो ज़िंदा है."

फांद्या फुटलेल्या प्रवाळाची बोटभर फांदी मी मोडली होती. अशा जाती त्यातल्या त्यात लवकर वाढतात. दगडासारख्या घट्ट प्रवाळांची वाढ मात्र वर्षाला साधारण सेंटिमीटरभर, कधी त्याहून कमी. म्हणजे भाताच्या मोठ्या पातेल्याएवढा गोळा व्हायला कितीतरी दशकं हवीत. बादलीभर प्लास्टिक मागे ठेवून आलेली मी, एका पायानं ते नुकसान करून बसले. मला रडू आलं. परत फिरावंसं वाटलं. पण तो म्हणाला, "दीदी, कुछ मत करो. बस कुछ मत करो, पानी उठाएगा."

काही करू नका! घरात पहाटेपासून रात्रीपर्यंत ज्या बाईचे हात थांबत नाहीत, तिला हे किती अवघड, तुम्हीच सांगा. मी हात सैल सोडले. पाय सैल सोडले. मोजून दहा श्वास घेतले. आणि खरंच, पाण्यानं उचललं.

मग खाली पाहिलं.

आधी आवाज आला. कुणीतरी चणे फोडत असावं तसा कुडकुड आवाज. निळा-हिरवा पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा पृष्ठभाग खरवडत होता. त्यावरचं शेवाळ तो खातो, चुना पोटात भरडतो आणि मागून टाकतो ती वाळू! जिच्यावर आपण पाय पसरून बसतो ती पांढरीशुभ्र वाळू बरीचशी अशीच झालेली असते. (मुलांना हे सांगितलं तेव्हा ती हसून हसून लोळली.) पुढे घुमटासारखा एक प्रवाळ, त्यावर मेंदूवर असतात तशा वळ्या. त्याच्या आडोशाला समुद्रफुलाचे तंतू हलत होते आणि त्यांत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा घर करून होता. त्या तंतूंचा डंख दुसऱ्या माशांना बसतो, ह्याला नाही. म्हणून तो तिथं निर्धास्त. एका खाचेत राक्षसी शिंपला, त्याचे ओठ मोरपिशी रंगाचे; आमची सावली पडताच त्यानं ते हळूच मिटले. आणि मेलेल्या करड्या फांद्यांवर, हो, तिथेही, पैशाएवढे नवे जांभळट ठिपके. पोरानं बोटानं दाखवलं, लांबूनच. नवी वाढ!

पाण्यात सगळं सुमारे तिपटीतल्या एका भागानं मोठं दिसतं म्हणतात. मला त्या वेळी ते सगळंच फार मोठं दिसत होतं. कुणाला काही हवं नव्हतं माझ्याकडून. मला हात लावायची परवानगी नव्हती, उचलायची नव्हती, आवरायची नव्हती. नुसतं पाहायचं. अर्धा तास मी आयुष्यात पहिल्यांदा नुसती पाहत होते.

फ्रॉकच्या खिशातला खडा

परतीची वेळ झाली. होडीत चढताना धाकटीच्या फ्रॉकचा खिसा फुगलेला दिसला. आत पांढरा, जाळीदार, सुंदर खडा. "आजीसाठी पोवळं," ती म्हणाली.

आता तिला काय सांगावं? आजीचं पोवळं वेगळं, हे मला ठाऊक होतं. दागिन्यातलं लाल पोवळंही एका प्रवाळाचंच, पण त्याची जात निराळी. ते मुख्यतः युरोपच्या दक्षिणेच्या भूमध्य समुद्रातून येतं. बेटाभोवतीच्या प्रवाळांचा रंग जीव गेला की जातो. राहतो तो पांढरा चुना. शिवाय आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं जे संरक्षण वाघाला, तेच या प्रवाळांनाही आहे. मेलेला तुकडासुद्धा नेता येत नाही. विमानतळावर सामान तपासतात आणि असे खडे पकडतात.

पण हे सगळं तिला सांगण्याऐवजी मी तिला माझा पाय दाखवला. प्रवाळाच्या टोकानं तळव्याला ओरखडा गेला होता. म्हटलं, "आज आईनं एक मोडलंय. तेवढं पुरे." तिनं थोडा विचार केला, पाण्यात उतरली आणि खडा होता तिथं ठेवून आली. अशा मेलेल्या तुकड्यांवरच नवी पिल्लं चिकटून वाढतात, असं मी मग तिला होडीत सांगितलं.

तुम्ही जाल तेव्हा

चार गोष्टी अनुभवाच्या. खाऊ स्टीलच्या डब्यात न्या, आणि आदल्या रात्रीच पर्सचे सगळे कप्पे रिकामे करा. पाण्यात उतरताना अंगाबरोबरचा, लांब बाह्यांचा जुना टी-शर्ट आणि लेगिंग घाला. उन्हाचं मलम कमी लागतं, आणि ते बरंच. त्यातली काही रसायनं प्रवाळांना बाधतात असं दिसून आल्यामुळे हवाई बेटांवर २०२१ पासून तसल्या मलमांची विक्री बंद केली आहे. पोहता येत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, लाजू नका. जाकीट घट्ट बांधून घ्या. पाय टेकवण्याआधी खाली वाळू आहे की जीव, ते पाहा. पाण्यात उतरायचं नसेल, वय झालं असेल, तरी काचेची होडी आहेच. बेट कोणत्या महिन्यांत उघडं आहे, याची चौकशी मात्र निघण्यापूर्वी करा. आणि अंदमान लांब वाटत असेल, तर आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत बरं का! १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे. मी तारकर्लीला दोनदा जाऊन आले, चपलांपाशी बसून आले, आणि हाकेच्या अंतरावर काय आहे याचा मला पत्ता नव्हता.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलंच, "पोवळं आणलंस का गं?"

"नाही आणलं, आई. जिवंत पाहून आले."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. भाडेकरीण, पोपटमासा, माझ्या पायानं मोडलेली फांदी. त्या अंगठी बोटात फिरवत ऐकत होत्या. त्यांचं माहेर रत्नागिरीकडचं, समुद्राच्या अगदी काठावरचं. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "माझा जन्म समुद्रावर गेला, पण त्याच्या आत काय आहे ते मला कुणी दाखवलं नाही." आणि मग थोडं थांबून, "त्या होडीला खाली काच असते म्हणालीस ना? मग मला जमेल की नाही गं?"

मे महिन्यात मालवणला जायचं आम्ही ठरवतो आहोत. पावसाच्या आधी. सामान थोडकंच न्यायचं आहे.